दोन बोटं क्लचवर

भार्गवी जोशिलकर कुणाच्या बापाला घाबरत नाही, अशी तिची ख्याती होती. तिकडे उत्तरेत, पंचकुल्याजवळच्या सेक्टर बावीसमध्ये त्यांच्या इमारतीखाली छोले-कुलच्याची गाडी लावणारे शर्माजी गिऱ्हाइकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे, "वो देखो, शेरनी जा रही है." सेक्टर चौतीसच्या ज्या कोचिंग क्लासात ती फिजिक्स शिकवायची, तिथली मुलं तिच्या मोटरसायकलच्या उड्यांचे व्हिडिओ बघून बाक बडवायची. आणि तिची आई, प्रभावतीबाई, गडहिंग्लजच्या बहिणीला फोनवर ठासून सांगायची, "आमच्या पोरीला भ्या म्हणून ठाऊकच न्हाई बघ."

अशी ख्याती फार त्रासाची असते. एकदा चिकटली की माणसाला चारचौघांत घाबरायची सोय उरत नाही. भार्गवी गेले तीन आठवडे घाबरत होती आणि ते सांगायला तिला जगात एक माणूस सापडत नव्हता. सकाळी आधी भीती जागी व्हायची, मग ती. पोहे पुढ्यात आले की दोन घास जायचे आणि तिसरा तोंडातच फिरत राहायचा.

भीतीचं कारण जिन्याखाली उभं होतं. पांढरी, उंच, अडीचशे सीसीची, फोर-स्ट्रोक इंजिनाची मोटरसायकल. मातीतल्या शर्यतींसाठीच बनवलेली, त्यामुळे तिला ना दिवा, ना आरसा, ना हॉर्न. पप्पांनी तिच्यावर जुनी चादर घातली होती, पण चादर अपुरी पडायची आणि पुढचं चाक बाहेर राहायचं. क्लासला निघताना भार्गवी त्या चाकाकडे न बघता झरझर बाहेर पडायची आणि रस्त्यावर आल्यावर स्वतःवरच चिडायची. वय एकोणतीस, कपाटावर चौदा करंडक, आणि बाई एका चाकाला बिचकतात!

शर्यतीचा ट्रॅक पंचकुल्याच्या पलीकडे, घग्गर नदीच्या कोरड्या पात्रालगत, खडीच्या एका जुन्या खाणीत होता. चढ, उड्या, वाळूचा पट्टा, आणि शेवटी एक उतार, दोन मजले उंच. उताराच्या पायथ्याशी रस्ता एकदम डावीकडे वळायचा. त्या जागेला सगळे रायडर 'खूह' म्हणायचे. खूह म्हणजे पंजाबीत विहीर. जुन्या गाडीवर भार्गवी बारा वर्षं त्या विहिरीत उतरत होती आणि हसत वर येत होती. नव्या गाडीवर ती तिथे तीन आठवड्यांत तीनदा पडली होती. पहिल्यांदा नुसती माती लागली. दुसऱ्यांदा कोपर सोलवटलं. तिसऱ्यांदा गाडी तिच्या अंगावरून गेली आणि हँडलचं टोक बरगडीपासून दोन बोटांवर मातीत रुतलं. त्या रात्रीपासून तिला झोपेत उतार दिसायला लागला.

आता कुणीही म्हणेल, एवढी भीती वाटते तर सोडून द्यावी गाडी. पण सोडली की सगळंच सुटत होतं. तिची जुनी मोटरसायकल टू-स्ट्रोक इंजिनाची, आणि टू-स्ट्रोकचा गट आयोजकांनी या वर्षीपासून बंद केला होता. गाड्या संपल्या, त्यांचे सुटे भाग संपले, चालवणारे पन्नाशीला आले. नवी गाडी टीमचे मालक ढिल्लों सर यांनी घेऊन दिलेली. पंचकुल्यात त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी तिला बाजूला घेऊन, आवाज शक्य तेवढा खाली आणून सांगितलं होतं, "बेटे, इतवार की रेस देख लेते हैं. नंबर नहीं चाहिए मुझे. बस, गिरना नहीं. गिरी तो फिर ये बाइक अंबालेवाले लड़के को देनी पड़ेगी. बुरा मत मानना."

अंबाल्याचा तो मुलगा एकवीस वर्षांचा होता. एकोणतीस वर्षांच्या, पडणाऱ्या बाईला दुसरी टीम कोण घेणार? रविवारी खूहमध्ये पडली की भार्गवीची रेसिंग संपली, इतका सरळ हिशेब होता.

तिच्या रेसिंगची सुरुवात कुठून झाली, हे सांगायचं तर नंदकुमार जोशिलकरांपासून सांगायला हवं. तिचे पप्पा. सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात हवालदार. शेवटची पोस्टिंग चंडीमंदिरला मिळाली, तिथेच निवृत्त झाले, आणि "पोरीचं शाळेचं वर्ष तेवढं पुरं होऊ दे, मग जाऊ गावाकडं" असं म्हणून थांबले ते वीस वर्षं थांबलेच. मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात एका गॅरेजमध्ये लागले. बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं, बोलणं मोजकं. इंजिन बघायच्या आधी ते ऐकायचे. गाडी दारात आली की डोळे मिटून उभे राहायचे आणि डोळे उघडून सांगायचे, काय बिघडलंय ते. गिऱ्हाइकं त्यांना 'डॉक्टर साब' म्हणायची.

या डॉक्टरांच्या हातून एकदा चूक झाली होती. भार्गवी तेव्हा सहा वर्षांची. दोघं मोटरसायकलवर परवाणूहून घाट उतरत होते. ती पुढे, पेट्रोलच्या टाकीवर, त्यांच्या दोन हातांच्या मध्ये बसलेली. टू-स्ट्रोक गाडीला पेट्रोलमध्येच तेल मिसळून घालावं लागतं. ते कमी पडलं तर तापलेला पिस्टन आत अडकून बसतो, इंजिन सीझ होतं आणि मागचं चाक फिरायचं थांबतं. त्या क्षणाला क्लच दाबला तर चाक मोकळं होतं आणि माणूस वाचतो. नंदकुमारांची बोटं मुठीभोवती होती. क्लचपर्यंत पोचायला त्यांना उशीर झाला.

पडता पडता त्यांनी पोरीला छातीशी धरून स्वतःला खाली घातलं. तिला खरचटलंसुद्धा नाही. त्यांचा डावा पाय मात्र नडगीत मोडला आणि जुळताना आखूड जुळला. भार्गवीला त्यातलं एकच आठवतं. पडायच्या आधी इंजिन एकदम गप झालं होतं. घाटात, भर दुपारी, वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. त्या दिवशी तेल पप्पांनी स्वतः मिसळलं होतं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

त्याच वर्षी पोरीनेच हट्ट धरला, मला गाडी शिकवा. त्यांनी शिकवली, पण एका अटीवर. डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. उतारावर, वळणावर, उडी मारताना, आयुष्यात कधीही, दोन बोटं क्लचवर. ही गोष्ट तिच्या अंगात मुरावी म्हणून त्यांनी घरात एक रिवाजच पाडला. ती अभ्यासाला बसलेली असो की भाकरी मोडत असो, जाता जाता ते विचारायचे, "बोटं?" आणि तिने लगेच डाव्या हाताची दोन बोटं वाकवून दाखवायची. "क्लचवर!" पाहुण्यांना वाटायचं, बापलेकीचा काहीतरी खेळ आहे. आई वैतागायची, "जेवू दे की तिला!" तेवीस वर्षांत हे विचारल्यावाचून एक दिवस गेला नाही. पप्पा गावी गेले तर रात्री फोनवर विचारायचे. ती बारावीला आजारी पडली तेव्हा तापात त्यांनी कपाळावर हात ठेवून विचारलं, आणि तिने डोळे न उघडता बोटं वाकवली होती.

तर ही अशी तयार झालेली मुलगी आता नव्या गाडीपुढे हातपाय गाळून बसली होती. मंगळवारी क्लासात घर्षणाचा धडा होता. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅम, टर्न पे टायर स्लिप क्यों करता है?" भार्गवीने बोर्डावर बाण काढले, सूत्र लिहिलं, सगळं बरोबर सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्या पायाखाली तो उतार आला. मार्कर हातातून सुटून टेबलाखाली गेला, तो उचलायला वाकली ती गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ खाली राहिली. पोरांना वाटलं मॅमची पाठ दुखतेय.

फिजिक्सची बाई असल्यामुळे चूक शोधायला ती पद्धतशीर निघाली. टायरमधली हवा कमी केली, मग वाढवली. पुढचे शॉकअब, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, नरम केले, मागचे कडक केले. हँडल पुढे घेतलं. बसायची जागा बदलली. इंटरनेटवर पाहून वहीत तक्ते काढले. आपल्या पडण्याचे व्हिडिओ शंभरदा पाहिले, पण ते सगळे वळणाच्या बाहेरून, म्हणजे तिच्या उजव्या अंगाने काढलेले. त्यात धूळ दिसायची, पुढचं चाक घसरताना दिसायचं, आणि पाठोपाठ ढिल्लों सरांचा आवाज ऐकू यायचा, "ओये ब्रेक ना मार! ब्रेक ना मार!" ती ब्रेक मारत होती हे खरंच होतं. गाडी तिच्या हातून निसटून विहिरीत धावायची, मग मारणार नाही तर काय करणार?

गुरुवारी शेवटचा सराव होता. पप्पाही आले, नेहमीसारखी घडीची खुर्ची आणि चहाचा थर्मास घेऊन. ते खूहच्या वरच्या अंगाला दोरीपाशी बसले. भार्गवीने दोन फेऱ्या सावकाश मारल्या. तिसऱ्या फेरीत मन घट्ट केलं आणि वेगात उताराच्या तोंडाशी आली.

कडेवरून पुढचं चाक खाली झुकलं, आणि तेच झालं. इंजिन गप झालं. ही गाडी उतारावर नेमकी गप व्हायची, हीच तिची खोड आहे असं भार्गवीने धरून ठेवलं होतं. कानात नुसता वारा. तिचं सगळं अंग सहा वर्षांचं झालं. गाडी हलकी होऊन सुसाट सुटली, पायथ्याचं वळण अंगावर आलं, तिने घाबरून ब्रेक आवळला आणि पुढचं चाक निघून गेलं. ती खांद्यावर पडली आणि दोरीपर्यंत घसरत गेली. तोंडात माती होती. 'उठ, सगळे बघतायत,' असं ती स्वतःला सांगत होती आणि पाय तिचं ऐकत नव्हते.

ढिल्लों सर धावत आले. पप्पा लंगडत, उशिरा आले. त्यांनी तिचा खांदा चाचपला, हाड शाबूत आहे याची खात्री केली. मग त्यांनी अशी गोष्ट केली की भार्गवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते ढिल्लों सरांना म्हणाले, "साहब, अंबाले का लड़का आया है ना? उसको दो राउंड मारने दो. इसी गाडी पे."

मुलगा बसला. भार्गवी मातीत बसून बघत राहिली. तो तिच्या गाडीवर खूहच्या तोंडाशी आला, खाली गेला, वळला, वर निघाला. दुसऱ्यांदा आला, पुन्हा तसाच गेला. तिने पप्पांकडे पाहिलं. ते दोरी धरून, डोळे घट्ट मिटून उभे होते. त्यांना हे बघवत नाहीये, असं तिला वाटलं, आणि तिने मान खाली घातली.

टेम्पोतून घरी येताना ते एक अक्षर बोलले नाहीत. रात्री जेवताना भार्गवी वाट बघत होती. डाव्या हाताची बोटं ताटाशेजारी तयार ठेवली होती. पप्पा भाकरी मोडत होते, आमटीकडे बघत होते. त्यांनी विचारलंच नाही. शुक्रवारी सकाळी नाही, रात्रीही नाही.

आता मात्र भार्गवीची पाचावर धारण बसली. पडायची भीती एक वेळ परवडली. ज्या माणसाने इंजिन डोळे मिटून ओळखलं, त्याने आपल्यालाही ओळखलं आणि निकाल दिला, ही भीती तिला सोसवेना. पप्पांनी विचारायचं सोडलं, म्हणजे त्यांच्या लेखी तिची रेसिंग रविवारच्या आधीच संपली होती.

शनिवारी दुपारी तिने फोन काढून ढिल्लों सरांना लिहिलं, 'सर, मुझे बुखार है, कल नहीं आ पाऊँगी.' पाठवायच्या बटणावर अंगठा नेला. तेवढ्यात आई खोलीत आली. आई कोल्हापूरकडची, त्यामुळे स्वतःला 'मी जातो, मी येतो' म्हणणारी, आणि दार वाजवणं तिच्या नियमांत नव्हतं.

"तुझ्या पप्पांचं काय बिनसलंय गं? दोन दिस झालं, धड जेवलं न्हाईत. मी विचारतो तर म्हणत्यात, काय न्हाई. आता जिन्याखाली जाऊन बसल्यात. तुला बोलवाय लागल्यात."

"मला? का?"

"मला कुठं सांगत्यात ते? जा, बघ जा."

भार्गवीने फोन उशीवर पालथा टाकला आणि खाली गेली. जिन्याखाली पप्पा पाटावर बसले होते. गाडीवरची चादर काढून नीट घडी घालून ठेवली होती. समोर एकच पाना होता.

"बस हितं," ते म्हणाले. ती पायरीवर बसली. त्यांनी पाना बाजूला सारला. "भार्गे, परवा मी ऐकलं."

"काय ऐकलं?"

"खूहच्या तोंडाला तुझं इंजिन गप होतंय."

"हो ना पप्पा! तेच तर. ही गाडी उतारावर अशीच करते यार, मी काय करू?"

"गाडी न्हाई करत. त्या पोराचं गप झालं न्हाई. दोन्ही बारीला इंजिन खालपर्यंत गुरगुरत गेलं. मी डोळे मिटून ऐकलं. गाडी तीच, उतार तोच." त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मग तुझंच गप कशानं होतंय, सांग."

भार्गवी उत्तर शोधायला लागली आणि शोधताना तिची नजर तिच्याच मांडीवर गेली. डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती. नुसत्या उताराच्या नावाने ती आपोआप वाकली होती. तिने हवा तपासली, शॉकअब तपासले, तक्ते काढले. या हाताकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"मी क्लच दाबते," ती हळूच म्हणाली.

"दाबतीस. भ्या वाटलं की दाबतीस. आपल्या जुन्या गाडीवर ते बरोबर हुतं. टू-स्ट्रोकचं इंजिन उतारावर गाडीला धरत न्हाई, आणि ते कधी अडकंल ह्याचा नेम न्हाई. ही निराळी जात हाय. हिचं इंजिन उतारावर गाडीला मागं धरून ठेवतंय. तू क्लच दाबलास की इंजिन गप होतंय, त्याचा हात सुटतोय, आणि गाडी मोकाट पळती. मग तू बिरेक मारतीस, आणि पडतीस."

चारही वेळा कसं झालं ते तिला आता जसंच्या तसं दिसलं. आधी बोटं, मग शांतता, मग परवाणूचा घाट, मग ब्रेक. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला राग आला.

"तुम्हाला परवाच कळलं होतं? मग दोन दिवस गप्प का बसलात? इथे माझा जीव जायची पाळी आलीय! मला वाटलं तुम्ही मला सोडूनच दिलंत. तुम्ही बोटं विचारलीसुद्धा नाहीत."

"काय म्हणून विचारू?" पप्पांचा आवाज चिरकला. तिने तो तसा कधी ऐकला नव्हता. "टेम्पोत सांगणार हुतो. काल जेवताना सांगणार हुतो. तोंडापर्यंत यायचं आणि जायचं. तेवीस वर्षं तुला घोकून घेतलं, बोटं क्लचवर, बोटं क्लचवर. आता कुठल्या तोंडानं म्हणू, काढ बोटं? आणि काढलीस, आणि उतारावर कायतरी झालं म्हंजे?" त्यांनी डाव्या पायावरून हात फिरवला. "भ्या माझं हुतं भार्गे. मी ते तुझ्या हातात घातलं. चारदा पाडलं तुला मी."

हा माणूस घाबरतो, हे तिला एकोणतीस वर्षांत माहीतच नव्हतं. आता बघितलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता, मार्चमधल्या थंड जिन्याखाली.

त्यांनी पाना उचलला आणि हँडलवरचा क्लचच्या लिव्हरचा नट सैल केला. लिव्हर खाली फिरवलं, मुठीपासून जरा लांब. "बस वर." ती बसली. मूठ धरली आणि सवयीने दोन बोटं पुढे केली. ती लिव्हरपर्यंत पोचली नाहीत.

"सुटताना सगळा हात लावायचा. मग सोडून द्यायचं. त्याच्याकडं बघायचं पण न्हाई." ते नट आवळायला गेले, पण पाना नटावर बसेना. दोनदा घसरल्यावर त्यांनी तो तिच्या हातात दिला. "आवळ तू."

तिने आवळला. वर जाऊन फोनमधला मेसेज पुसला.

रविवारी सकाळी ट्रॅकवर चौदा गाड्या होत्या. सरावाची फेरी भार्गवीने जवळजवळ पाय टेकत मारली. अंबाल्याचा मुलगा हेल्मेट काखेत धरून दोरीपाशी उभा होता आणि ढिल्लों सर घड्याळाकडे बघत होते. सुरुवातीच्या रांगेत पप्पा जवळ आले. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोटांचं काही न विचारता लंगडत खूहच्या दिशेने चालू लागले.

झेंडा पडला. पहिला चढ, पहिली उडी, वाळूचा पट्टा, हे सगळं कसं गेलं ते तिला आजही आठवत नाही. आठवतो तो उताराचा काठ. पुढचं चाक खाली झुकलं. डाव्या हाताची दोन बोटं झपकन पुढे गेली. तिथे काही नव्हतं. बोटं हवेत चाचपडली, त्या एका क्षणाला तिला खात्री पटली की आता आपण मरणार, आणि ती हेल्मेटच्या आत जोरात ओरडली.

पण शांतता झाली नाही. तिच्या खाली इंजिन गुरगुरत होतं, खोल, रागावल्यासारखं, न थांबता. गाडी सुटली नाही. कुणीतरी मागून कमरेला धरून ठेवावं तशी ती उतार तोलून उतरली, पायथ्याशी डावीकडे वळली, आणि भार्गवी वर आली ती अजून ओरडतच होती.

आठ फेऱ्या होत्या. म्हणजे आठदा विहीर. भीती एकदा गेली की जाते असं सांगणारे लोक बहुतेक शर्यतीत उतरत नसावेत. आठही वेळा ती तितकीच घाबरली, आठही वेळा बोटं पुढे गेली आणि रिकामी परत आली. पाचव्या फेरीत मागचं चाक खडीवर एका अंगाला निघालं. ब्रेककडे निघालेला उजवा हात तिने कसाबसा आवरला, ते गुरगुरणं ऐकत राहिली, आणि चाक आपलं आपण रांगेत आलं.

ती नववी आली. ढिल्लों सर नाचत आले आणि तिच्या हेल्मेटवर थापा मारत सगळ्या खाणीला ऐकू जाईल असं म्हणाले, "नहीं गिरी! ओये, आठों राउंड नहीं गिरी! बाइक तेरी, पक्का!" अंबाल्याच्या मुलाने लांबून हात वर केला. भार्गवीने हसायचा प्रयत्न केला, पण तिला पप्पा कुठे दिसत नव्हते.

ते शेवटच्या रेषेपाशी आलेच नव्हते. गाडी उभी करून, बूट खडीत खडखडवत ती खूहकडे गेली. पप्पा दोरीपाशी जागच्या जागी उभे होते. खुर्ची घडी न उलगडता पडलेली, थर्मास उघडलेला नव्हता. डोळे मिटलेले होते. शर्यत संपून गाड्या केव्हाच बंद झाल्या होत्या, तरी ते काहीतरी ऐकत होते.

"पप्पा, झालं. मी आले."

त्यांनी डोळे उघडले. तिला पायांपासून डोक्यापर्यंत दोनदा बघून घेतलं. तेव्हा भार्गवीचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. दोरीवर त्या हाताची दोन बोटं वाकून आवळली गेली होती, इतकी घट्ट की पेरं पांढरी पडली होती.

"पप्पा," तिने विचारलं, "बोटं?"

त्यांनी खाली पाहिलं. हात सोडवायला गेले, तर बोटं उघडेनात. आठ फेऱ्या ती तशीच दाबलेली राहिली होती. भार्गवीने हातमोजा काढला आणि त्यांची ती दोन बोटं एक एक करून दोरीवरून सोडवली.